दोरी कोणाच्या हाती?

धोट्याचं भोक ओठांशी धरा आणि श्वास आत ओढा. सुताचं टोक जिभेवर येईल, सोबत कापसाची तूसही येईल. तूस थुंकून टाका, टोक चिमटीत धरा, धोटा पुन्हा साच्यात बसवा. कांडी संपली की दर वेळी हेच करायचं. तुमच्या अंगावर दोन साचे, म्हणजे माग, आहेत, त्यामुळे दिवसभरात हे किती वेळा होईल याचा हिशेब करत बसू नका.

1928 चा मार्च महिना. तुम्ही परळमधल्या एका गिरणीच्या साचेखात्यात उभे आहात. गोंगाट असा की शेजारचा साचेवाला काय म्हणतो ते त्याच्या ओठांवरून ओळखावं लागतं. तो तुमच्याच तालुक्यातला. रात्री एकाच खोलीत पथारी टाकता, एकाच खानावळीत जेवता आणि दोघांना भरती केलं तेही एकाच जॉबरने. साचा कोणाला द्यायचा, बदलीवर कोणाला ताटकळत ठेवायचं, चांगल्या सुताचा ताणा कोणाच्या वाट्याला जाऊ द्यायचा, सगळं जॉबर ठरवतो. साचा बंद पडला तर तो दुरुस्त कधी होईल हेही त्याच्याच मर्जीवर. लांबून पाहणाऱ्याला हे खातं म्हणजे जिवाभावाची टोळी वाटेल. जिवाभाव आहेच. गाव एक, भाषा एक, अडचणी एक. कामाबद्दल एकही गोष्ट ठरवण्याचा अधिकार मात्र या टोळीकडे नाही.

आता इथे कोण नाही ते पाहा. सूतकताईच्या खात्यांत रत्नागिरी-साताऱ्याकडचे महार कामगार बरेच आहेत. साचेखात्यात मजुरी जास्त, आणि इथे ते दिसत नाहीत. कारण सांगितलं जातं ते तुम्ही आत्ता ओठांशी धरलेल्या धोट्याचं. एकाच्या ओठांचा धोटा दुसऱ्याच्या ओठांना लागतो, म्हणून सवर्ण साचेवाले त्यांना आत येऊ देत नाहीत. पुढच्याच महिन्यात मुंबईच्या गिरण्यांत सार्वत्रिक संप सुरू होईल. दीड लाखाच्या आसपास कामगार सहा महिने बाहेर राहतील. कारणांतलं एक मोठं कारण म्हणजे दोनाऐवजी तीन साचे चालवा, हा काही मालकांचा आग्रह. त्याच संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकर पुढाऱ्यांना बजावतील की साचेखात्यात काम करण्याचा अस्पृश्य कामगारांचा हक्कही मागण्यांमध्ये मान्य झाला पाहिजे.

हा मुक्काम मी मुद्दाम पहिला ठेवला. कारखान्यातल्या गटांबद्दल जे काही लिहिलं जातं त्यात आपुलकी, सहकार्य, एकदिलाने काम, असे शब्द फार लवकर येतात. पुढचा प्रवास करताना तुम्ही दोनच गोष्टींवर नजर ठेवा, एवढं माझं मागणं आहे: गटात कोणाला घेतलं जातं, आणि घेतलेल्यांना काय ठरवता येतं.

थोडं मागे जाऊ. 1913 चा ऑक्टोबर, डेट्रॉइटलगतचं हायलंड पार्क, फोर्डचा कारखाना. इथे फार रेंगाळायचं कारण नाही, कारण गट नावाची गोष्टच इथे अनावश्यक ठरवली जाते आहे. मोटारीचा सांगाडा तुमच्यासमोरून सरकतो. तुम्ही एक नट बसवता, शेजारचा तो आवळतो. पूर्वी एक सांगाडा जुळायला साडेबारा तास लागत, काही महिन्यांत ते काम 93 मिनिटांवर येईल. आकडा थक्क करणारा आहे. दुसरा आकडाही पाहा: या एका वर्षात फोर्डकडे कामगारांची गळती 370 टक्के होती. शंभर जागा भरलेल्या ठेवायला वर्षात जवळजवळ पावणेचारशे माणसं आणावी लागत होती. जानेवारी 1914 मध्ये फोर्ड दिवसाला पाच डॉलर जाहीर करतो आणि माणसं टिकू लागतात. कामातून जे मिळत नव्हतं त्याची किंमत पगारातून चुकवली, असा सौदा झाला. पुढची सत्तर वर्षं जगातले बहुतेक मोटारकारखाने याच सौद्यावर चालले.

आता अहमदाबाद. साल 1953, तेव्हा हे शहर मुंबई राज्यातच आहे. तुम्ही साराभाईंच्या कॅलिको मिल्समध्ये, तिच्या जुबिली मिलच्या नव्या शेडमध्ये आला आहात. 224 स्वयंचलित माग, रांगेत. कांडी संपली की माग स्वतःच नवी कांडी घेतो. ओठांशी धोटा धरायची गरज उरलेली नाही. यंत्रं उत्तम आहेत, कामाचा अभ्यास घड्याळ लावून झाला आहे, कोणी किती मागांवर काय करायचं ते कागदावर पक्कं आहे. तरीही कापड हवं तेवढं निघत नाही आणि डागी माल फार.

का, ते तुम्हाला स्वतःच कळेल. तुम्ही विणकर आहात, तुमच्याकडे 24 माग. तुमचं काम मागावर लक्ष ठेवायचं आणि तुटलेला धागा जोडायचा. कांड्या भरणारा माणूस वेगळा, त्याच्याकडे चाळीस-पन्नास माग. एकदम बरेच धागे तुटले तर ते सावरणारा तिसरा, त्याच्याकडे सत्तरच्या वर. तेल घालणारा वेगळा, झाडणारा वेगळा, कापडाचे तागे उतरवून नेणारा वेगळा, जॉबर आणि त्याचा मदतनीस वेगळे, हवेत दमटपणा राखणाऱ्या यंत्राचा फिटर वेगळा. एकूण बारा प्रकारची कामं आणि जवळपास तीस माणसं. तुमच्या सातव्या मागावर कांड्या संपत आल्या. तुम्ही भरणाऱ्याला हाक मारता, पण तो आणखी एका विणकराच्याही हाकेला बांधलेला आहे आणि या क्षणी तिकडे गेला आहे. तुमचा माग थांबला. पैसे तुमच्या मागांच्या उत्पादनावर ठरतात, त्याचे वेगळ्याच हिशेबाने. तो आळशी नाही, तुम्हीही नाही. पण तुमचे 24 आणि त्याचे पन्नास यांचा मेळच बसत नाही. अख्ख्या शेडमध्ये अशी चार माणसं सापडणार नाहीत ज्यांची जबाबदारी नेमक्या त्याच मागांवर आहे.

ही गोष्ट ज्याने नेमकी हेरली तो माणूस लंडनहून आला आहे. टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूटचे ए. के. राइस, गौतम साराभाईंच्या बोलावण्यावरून. त्याच संस्थेचे एरिक ट्रिस्ट आणि केन बॅमफर्थ यांनी दोनच वर्षांपूर्वी इंग्लंडच्या कोळसाखाणींबद्दल एक निबंध प्रसिद्ध केला होता. बॅमफर्थ स्वतः पूर्वी खाणीत उतरलेले. जुन्या पद्धतीत दोन-चार जोडीदार कोळशाच्या एका तोंडावर पहिल्यापासून शेवटपर्यंतचं सगळं काम करत. यंत्रं आली आणि तेच काम तीन पाळ्यांत, वेगवेगळ्या माणसांत चिरून वाटलं गेलं. एका पाळीची कुचराई दुसरीच्या डोक्यावर, आणि दोष कोणाचा यावरून कायमची भांडणं. त्यांनी त्यातून काढलेला निष्कर्ष मला आजही फार मोलाचा वाटतो: यंत्र कोणतं घ्यायचं हे एकदा ठरलं म्हणून माणसांची रचना आपोआप ठरत नाही. एकाच यंत्राभोवती माणसं निरनिराळ्या तऱ्हेने उभी राहू शकतात, आणि कोणती तऱ्हा घ्यायची ते कोणालातरी निवडावं लागतं.

शेडमध्ये परत या. राइस यांनी मांडलेली कल्पना साधी आहे. मागांचा एक ठरावीक ताफा, साठ-पासष्टचा, आणि त्याच्यासाठी सातेक माणसांचा एक गट. त्या मागांवरचं जवळजवळ सगळं काम त्यांचं, मोबदलाही गटाच्या उत्पादनावर, आणि गटाचा म्होरक्या आतलाच. व्यवस्थापनाला वाटलं होतं की हे पटवून द्यायला वेळ लागेल. झालं उलटंच. चर्चा मुकादमांपर्यंत आणि त्यांच्याकडून मागांपर्यंत पोचली आणि कामगारांनी ती ताब्यातच घेतली. कोण कोणाबरोबर काम करणार याच्या याद्या त्यांनी स्वतः केल्या, भराभर. तुम्हीही त्या दुपारी दोघा-तिघांशी बोलला आहात. कांड्या भरणाऱ्याला तुम्ही म्हणालात, “भाई, तू आमच्यात ये.” त्याने आधी विचारलं, “सुट्टी घेतली तर माझे माग कोण बघणार?” तुम्ही म्हणालात, “आपणच.”

सुरुवातीला आकडे हेलकावले. मग स्थिरावले. मागांची कार्यक्षमता 80 टक्क्यांच्या आसपास होती ती 95 च्या घरात गेली. डागी मालाचं प्रमाण 32 टक्क्यांवरून 20 वर आलं. माग तेच, सूत तेच, माणसं तीच.

या यशाने हुरळून जाण्याआधी परळ आठवा. माणसांनी एकमेकांना निवडलं, हे सुंदर आहे. पण जिथे निवड माणसांच्या हाती असते तिथे जातही निवड करते, धर्मही करतो. गटाला स्वातंत्र्य देणाऱ्याने गटाचं दार कोणासाठी उघडं राहील याचीही तजवीज केली पाहिजे. राइस यांच्या प्रयोगाचा मला मनापासून आदर आहे, आणि तरीही हा प्रश्न त्यांच्या नंतरच्या व्यवस्थापनशास्त्राने जितक्या गांभीर्याने घ्यायला हवा होता तितका घेतला नाही, असं माझं मत आहे.

1981, कॅलिफोर्निया, फ्रीमाँट. जनरल मोटर्सचा कारखाना. तुमच्यासमोरून एक गाडी जाते, तिच्या दाराचा बोल्ट वाकडा बसला आहे. तुम्ही पाहिलं, पुढच्यानेही पाहिलं, ती पुढे गेली. पट्टा थांबवायचा नाही, हा इथला पहिला आणि शेवटचा नियम. चुकीच्या गाड्या बाहेरच्या आवारात साचतात, नंतर कोणीतरी उघडून दुरुस्त करतं. डब्यातून दारू येते. रोज पाचातला एक माणूस कामावर येत नाही. संघटना आणि व्यवस्थापन यांच्यात उघड वैर. 1982 मध्ये कारखाना बंद होतो.

आता 1985. तेच छप्पर, आणि तुमच्या आजूबाजूचे बहुतेक चेहरेही तेच. टोयोटा आणि जनरल मोटर्स यांनी मिळून ‘नुमी’ नावाची कंपनी काढली आहे आणि घेतलेल्या कामगारांपैकी 85 टक्क्यांच्या आसपास जुन्याच कारखान्यातले, त्याच संघटनेचे. कित्येकांना जपानला नेऊन टोयोटाच्या ताकाओका कारखान्यात काम शिकवून आणलं. पूर्वी कामाचे ऐंशीच्या आसपास दर्जे होते. आता उत्पादनात एकच, कुशल कारागिरांत मोजके. तुम्ही चार-सहाजणांच्या गटात आहात. गटाचा म्होरक्याही संघटनेचाच सभासद आहे आणि कोणी गैरहजर असलं की तोच त्या जागी उभा राहतो.

बोल्ट पुन्हा वाकडा बसला. डोक्यावर एक दोरी आहे. ओढा.

हात उचलायला तुम्हाला वेळ लागतो. इतकी वर्षं पट्टा थांबवणं म्हणजे नोकरी घालवणं होतं. दोरी ओढता, एक सूर वाजतो, म्होरक्या धावत येतो. पहिलं वाक्य “काय झालं?” असं असतं, “कोणी केलं?” असं नसतं. दोघं मिळून बोल्ट सरळ करता. ठरावीक अंतर जाण्याआधी जमलं तर पट्टा चालू राहतो, नाही जमलं तर थांबतो, आणि त्याबद्दल तुम्हाला कोणी खडसावत नाही. या दोरीचं मूळ, योगायोगाने, पुन्हा विणकामातच आहे. साकिची टोयोडा यांनी 1924 मध्ये पुरा केलेला माग धागा तुटला की आपणहून थांबायचा, म्हणजे सदोष कापड पुढे विणलं जात नसे. मोटारकारखान्यात थांबवण्याचं काम माणसाकडे दिलं गेलं. चाकण-रांजणगावकडे काम केलं असेल तर ही दोरी, किंवा तिच्या जागी आलेलं बटण आणि वरचे लाल-पिवळे-हिरवे दिवे, तुम्हाला नवे नाहीत. फक्त तिथल्या कंत्राटी कामगाराला एकदा विचारून पाहा की ते बटण दाबताना हात अडखळतो का.

नुमीतली आणखी एक गोष्ट मला दोरीइतकीच महत्त्वाची वाटते. कामाचं मोजमाप करणारं घड्याळ इंजिनिअरांच्या हातून काढून गटाच्या हाती दिलं होतं. तुम्ही आणि तुमचे सोबती एकमेकांच्या हालचाली मोजता, कोणती पद्धत सोपी आणि बिनचूक ते ठरवता, लिहून काढता, दुसऱ्या पाळीच्या गटाशी ताडून पाहता. लिहिलेली पद्धत सगळ्यांवर बंधनकारक, पण ती बदलायचा प्रस्ताव कोणीही आणू शकतो. आणि कामावरून न काढण्याचा दिलेला शब्द पाळला गेला: 1988 च्या सुमाराला मागणी घटली तेव्हा कोणाला घरी पाठवलं नाही, रिकाम्या हातांना प्रशिक्षणाला लावलं. गैरहजेरी तीन-चार टक्क्यांवर आली होती.

आता तुमच्या खांद्यांना विचारा. जुन्या कारखान्यात मिनिटातली 45 सेकंदं तुम्ही प्रत्यक्ष काम करत होता, आता 57. पॉल अ‍ॅडलर या अभ्यासकाने नोंदलेले हे आकडे आहेत, आणि नुमीचं कौतुक करणाऱ्यांत तेच आघाडीवर होते. घड्याळ तुमच्या हाती आलं खरं, पण त्यातून वाचलेली सेकंदं तुम्हाला मिळाली नाहीत, ती पुढच्या कामाने भरली गेली. दोरीचा मी चाहता आहे. त्या उरलेल्या तीन सेकंदांचा नाही.

म्हणून तुम्हाला स्वीडनला नेतो. 1991, पश्चिम किनाऱ्यावरचं उद्देवाला. इथला जहाजबांधणीचा कारखाना 1986 मध्ये बंद झाला, त्याच जागी व्होल्वोने मोटारी जोडायचा कारखाना उभा केला. कंपनीचे प्रमुख पेर युलेनहामार यांनी 1974 मध्ये काल्मारला सरकता पट्टा काढून विजेवर चालणाऱ्या गाड्यांवर मोटारी फिरवल्या होत्या. तिथे पंधरा-वीस जणांच्या गटांना आपापला कोपरा होता. उद्देवालात ते आणखी पुढे गेले.

आत शिरताच तुम्ही पट्टा शोधता. नाही. आठ-दहा माणसांचा गट, समोर काही मोटारी, आणि प्रत्येक मोटार जागेवर उभी. खालचं काम आलं की गाडी कुशीवर वळवता येते, म्हणजे डोक्यावर हात धरून उभं राहायला नको. सामानाच्या खोलीतून एका गाडीचे सगळे भाग, पूजेचं साहित्य तबकात मांडावं तसे, जोडायच्या क्रमाने लावून येतात. तुमच्या हातातलं काम संपायला दोन-दोन तास लागतात. जवळपास 40 टक्के कामगार स्त्रिया आहेत आणि हत्यारांची पकड त्यांच्या हाताला येईल अशी आहे. डोक्यावर मुकादम नाही. सुट्ट्या कोण कधी घेणार, नव्या माणसाला कोण शिकवणार, आज कोण काय जोडणार, गट ठरवतो, आणि गटातर्फे बोलणारी व्यक्ती आलटून पालटून बदलते.

तुमच्या मनात शंका आहे की एवढी मोटार एका माणसाच्या डोक्यात मावेल कशी. हायलंड पार्कपासून हेच सांगितलं गेलं की सामान्य कामगाराला मिनिटा-दोन मिनिटांपेक्षा मोठं काम पेलत नाही. गोथेनबर्गच्या संशोधकांनी इथे दाखवलं की ते पाठ करायला लावलं तर पेलत नाही, अर्थासकट शिकवलं तर पेलतं. सुट्या हालचालींची यादी देण्याऐवजी मोटारीचे अवयव आणि त्यांचं आपसातलं नातं शिकवायचं. वायरिंग कुठून निघतं, कशाला जाऊन मिळतं, डावीकडचा भाग उजवीकडच्याचं प्रतिबिंब कसा आहे. त्यामुळे प्रत्येकाला गाडीचा मोठा हिस्सा येतो, आणि काहीजण पूर्ण मोटार एकट्याने जोडतात. तुमच्या शेजारची बाई दार बसवते, बंद करते, उघडते, पुन्हा बंद करते. आवाज ऐकून बिजागरीला किंचित पीळ देते. हे तिला कोणी सांगितलेलं नाही.

नोव्हेंबर 1992 मध्ये हा कारखाना बंद करायचा निर्णय जाहीर होतो. 1993 मध्ये तो बंद होतो, 1994 मध्ये काल्मारही. लगेच म्हटलं गेलं की प्रयोग फसला. अ‍ॅडलर आणि रॉबर्ट कोल यांनी 1993 मध्ये नुमीची बाजू घेतली: दोन तासांच्या कामात नेमकं कुठे सुधारायचं ते हाताला लागत नाही, आणि एका गटाची युक्ती दुसऱ्यापर्यंत पोचत नाही. यात तथ्य आहे. लिहून ठेवलेली पद्धत नसेल तर शहाणपण माणसाबरोबरच घरी जातं. पण ख्रिस्तियन बेर्ग्रेन यांनी दाखवलेली दुसरी बाजूही खरी आहे. बंद होताना उद्देवालाची उत्पादकता व्होल्वोच्या गोथेनबर्गच्या मुख्य कारखान्याला गाठत होती आणि सुधारत होती. व्होल्वोची विक्री घसरली होती, कारखाने जास्त झाले होते. बॉडी आणि रंगकाम गोथेनबर्गला होत असल्यामुळे जोडणीचे दोन लांबचे कारखाने काढून टाकणं सोपं होतं. उद्देवालातल्या गटांना मोटारीबद्दल सगळं ठरवता येत होतं. कारखान्याबद्दल काहीच नाही. नुमीचंही पुढे तेच झालं. 2010 च्या एप्रिलमध्ये ते बंद पडलं तेव्हा सुमारे 4,700 माणसांपैकी कोणाच्या डोक्यावर त्यासाठी ओढायची दोरी नव्हती. जर्मनीत मोठ्या कंपन्यांच्या देखरेख मंडळावर कामगारांच्या प्रतिनिधींना कायद्याने जागा असतात. गटांच्या कामाचा विचार तिथपर्यंत नेला नाही तर तो अर्धाच राहतो, असं मला ठामपणे वाटतं.

एक मुक्काम राहिला. 1970, पुन्हा अहमदाबाद. टॅव्हिस्टॉकचेच एरिक मिलर कॅलिकोत आले आहेत, राइस यांच्या गटांचं काय झालं ते पाहायला. तुम्ही त्यांच्या मागोमाग चालता. बहुतेक शेडमध्ये गट नावापुरते उरले आहेत. बाहेरून ताण आला की वरच्याने आत शिरून कामं वाटून द्यायची, असं होत होत जुनी रचना परतली आहे. हे कोणी एका दिवशी ठरवलं नाही. प्रत्येक वेळी कारण तातडीचं होतं, आणि प्रत्येक वेळी गटाच्या हातून एक निर्णय गेला.

मग एका शेडमध्ये तुम्ही थबकता. इथे गेली सोळा वर्षं गट चालू आहेत, उत्पादनही त्याच पातळीवर. पाळी सुरू होते आहे आणि एक माणूस आलेला नाही. मुकादम दारातून आत येतो, बदलीवाल्याला सोबत घेऊन, कोणाला कुठे उभं करायचं ते सांगायला. एक विणकर मागावरची नजर न काढता म्हणतो, “साहेब, त्याचे माग आम्ही वाटून घेतलेत. बदलीवाल्याला पलीकडच्या गटाकडे न्या, त्यांचे दोन कमी आहेत.”

मुकादम बदलीवाल्याला घेऊन पलीकडे जातो.